घाटात बसलेली गाडी

गाडी घ्यावी तर अशी घ्यावी, की पाहुण्यांच्या दारात उभी राहिली की मुलीकडच्यांचं वजन आपोआप वाढलं पाहिजे! हे वाक्य माझं. हल्ली कुणी त्याची आठवण काढली, की मी पावसापाण्याचं बोलायला लागतो.

मी परशराम. राहणार बेळगुंदी, नोकरी हिंडलग्याच्या एका हायस्कुलाच्या ऑफिसात. माझी मेव्हणी तेजस्वी, तिच्या लग्नाची बोलणी निपाणीच्या जोतिबा पाटलांच्या घरी होणार होती. मोठी माणसं. तिथं माझ्या स्कूटरवरनं जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी एक जुनी जर्मन गाडी घेतली. रणगाड्याएवढी! मिळाली मात्र साध्या नव्या गाडीच्या भावात. "डॉक्टरांची आहे, फक्त देवाला जायची," असं विकणारा म्हणाला. एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

बोलणीच्या दिवशी बेळगावच्या खासबागेतनं सासरे आण्णाप्पामामा आणि त्यांच्या बहीण मालुबाई यांना घेतलं. मामांनी कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घातला होता. माझी बायको पूर्णिमा आत्याशेजारी मागं बसली.

"मामा, हिच्या चाकांवर स्प्रिंग न्हायत. हवेचे फुगे हाईत!" मी बटण दाबून गाडी वर उचलून दाखवली.

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमी निपाणीपातूर फुग्यावर बसून जायाचं?"

संकेश्वर मागं पडलं आणि समोरच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला.

"काय ओ ते?" पूर्णिमा.

"काय न्हाय. गाडी आपल्याशी बोलती."

तवंदी घाटाचा उतार लागला आणि दिवा लाल झाला. टिंग टिंग करून घंटी वाजायला लागली. पडद्यावर इंग्रजीत आलं, गाडी सुरक्षित जागी थांबवा. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, मागं ऊस भरलेला ट्रक! सुरक्षित जागा काय मी खिशातनं काढू?

आणि मग गाडीनं सुस्कारा टाकला. फुसऽऽ! डावी बाजू हळूहळू खाली बसायला लागली. डावीकडंच दरी!

"समद्यांनी उजवीकडं सरका!" मामा ओरडले आणि स्वतः माझ्या मांडीवर आले. गिअर एकाच जागी अडकला. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण माझा विश्वास बसेना, म्हणून मी तो परत परत दाबत राहिलो. गाडी गचके खात पाळण्यासारखी हलायला लागली. मागचा ट्रकवाला हॉर्नवरनं हात काढेना.

"आई यल्लम्मा, एवढा घाट उतरू दे, तुझी वटी भरीन!" मालुबाई.

"आत्या, मोठ्यानं म्हणू नगासा, मला भ्या वाटतंय!" पूर्णिमा.

मला तर वाटत होतं, आणखी मोठ्यानं म्हणा!

शेवटी रस्त्याकडेला थोडी रुंद जागा दिसली. तिथं कशीबशी गाडी लावली. सगळे उतरून लांब उभे राहिलो. एकटे मामा धाडसी. "बगू तरी फुगा कुठं फुटलाय," म्हणत, डावीकडं फटच उरली नव्हती म्हणून, त्यांनी उजव्या चाकाच्या वरच्या फटीत हात घातला.

फुसऽऽ! उजवी बाजूही बसली!

"मेलो! हात गेला!"

हातरुमालासारखा चपटा झालेला मामांचा हात माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. पूर्णिमा किंचाळली, "आप्पा, बोटं हलवा! बोटं हलवा!"

बोटं हलली. पाचही! हात सलामत होता. चाक आणि पत्र्याच्या मधे अडकली होती ती शर्टाची बाही. ओढली तर निघेना, गाडी उचलायचं बटण दाबलं तर पडदाच काळा झाला. मामांचा चेहराही शर्टासारखाच पांढरा. "जावईबापू, ही आनखी खाली बसायच्या आत काय तरी करा!"

केलं ते मालुबाईंनी. चंचीतनं सुपारीचा अडकित्ता काढला आणि खांद्यापासनं बाही कातरून मामांना सोडवलं.

मग मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडच्या मुलीनं गोड आवाजात फुगे, हवेचा पंप, गिअरबॉक्समधलं काहीतरी, असं सांगत शेवटी आकडा सांगितला.

"मॅडम, मी नव्या गाडीची किंमत विचारली न्हाय. दुरुस्तीची विचारली."

"दुरुस्तीचीच सांगितली, सर."

मी खाली बसलो. गाडीशेजारीच. आता दोघंही बसलेले.

शेवटी एक क्रेनवाला मिळाला. गाडीचं नाक वर टांगलेलं, क्रेनच्या केबिनमधे आम्ही चौघं कोंबलेले, आणि मामा एका बाहीचे, असे आम्ही पाटलांच्या दारात पोचलो. तेजस्वीचं लग्न माझ्यामुळं मोडलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. पूर्णिमा माझ्याकडं बघतच नव्हती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

जोतिबा पाटील बाहेर आले. टोपी सारखी केली. गाडीकडं बघितलं, मामांच्या दंडाकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "फुगे?"

"व्हय."

"घाटात?"

"व्हय."

त्यांनी माझा हात धरून मला गोठ्यामागं नेलं. तिथं ताडपत्रीखाली तशीच गाडी! फक्त काळी. पोट जमिनीला टेकलेलं, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसलेली.

"आमचीबी तवंदीतच बसली," पाटील म्हणाले. त्यांनी बॉनेटवरनं हात फिरवला. "घरात कुणालाच ह्ये दुक्क कळत न्हाय ओ. तुमास्नी कळंल."

पुढची बोलणी म्हणजे नुसते चहा-पोहे! आम्ही दोघंच पंपाबद्दल बोलत होतो. लग्न ठरलं. निघताना पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, माझीबी घेऊन जावा. सुट्ट्या भागांस्नी उपेग व्हईल. न्हाय म्हणायचं न्हाय."

नुकतं ठरलेलं लग्न. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

तर आता बेळगुंदीत आमच्या दारात दोन जर्मन गाड्या आहेत. लोक म्हणतात, परशरामचं लई चाललंय! स्कूटरला मात्र जागा उरली नाही. ती मी शेजाऱ्यांच्या अंगणात लावतो.