खिंडीतला मिस्ड कॉल

आधीच सांगून ठेवतो, २००६ साली महाड-पोलादपूर पट्ट्यात मिस्ड कॉलचा माझ्याइतका हुशारीने उपयोग कुणीही केला नव्हता. लोक मिस्ड कॉल देऊन रिक्षा बोलावत, पोरं मित्राला नाक्यावर बोलावत. मी मिस्ड कॉलच्या जोरावर हाडं मोडलेली माणसं चालती करणार होतो!

मी फिजिओथेरपिस्ट. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा उभं करणं हे माझं काम. पण डोंगरातल्या माणसाला व्यायामासाठी रोज महाडला कोण आणणार? म्हणून मुंबईच्या प्रियदर्शिनी मॅडमनी एक संशोधन काढलं. पेशंटला घरीच व्यायाम शिकवायचे, एक साधा मोबाईल द्यायचा आणि रोज सकाळी व्यायाम झाला की त्याने आमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला की कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, नाही आला तर लाल. बाजारपेठेतला असो की कड्यावरचा, सगळ्यांना सारखा उपचार. समानता हा शब्द मॅडमच्या प्रत्येक कागदावर असायचा.

नियम मात्र माझे. लागोपाठ तीन लाल ठिपके पडले की कॉम्प्युटर नाव आपोआप गाळणार. नव्वद दिवस पुरे केले की चार पायांचा वॉकर मिळणार. आधीच वॉकर हातात दिला तर व्यायाम कोण करतंय, असं मी म्हणालो आणि मॅडमना ते पटलं. पुढे महाडातल्या एका आजोबांचा नातू, आजोबा घोरत असताना त्यांच्या नावाने कॉल देताना सापडला. त्यावर मी तिसरा नियम ठोकला: कॉल पेशंटने स्वतःच्या बोटानेच द्यायचा.

वरंधच्या वरच्या धनगरवाडीतली प्रयागबाई ढेबे त्यानंतर आमच्या यादीत आली. साठीची बाई, म्हशींमागे जाताना घसरली आणि खुब्यात सळई घेऊन घरी आली. तिला व्यायाम शिकवायला मी एकदाच चढलो, आणि खाली आल्यावर दोन दिवस मलाच उपचारांची गरज होती. तिचं मागणं अगदी लहान होतं. तिला सकाळी आडोशाला न्यायला सून अक्षरशः उचलून न्यायची.

"म्हशी राखायच्या नायत मला आता," ती म्हणाली. "पन भायेर तरी माजी मी जायला पायजे. सुनेला हाक मारायची लाज वाटते, डाक्टर."

नव्वद दिवसांत जाल, असं मी छातीठोकपणे सांगितलं. आणि निघताना दारातून वळून, बोट नाचवत, हेही सांगितलं की एक वेळ दुसरं काही चुकलं तरी चालेल, मिस्ड कॉल चुकता कामा नये. तिच्या मुलाने, सखाने, मोठ्या गांभीर्याने मान हलवली. वाडीत मोबाईलला रेंज आहे का, हे मी विचारलंच नाही. मोबाईल मी खाली वरंधला लावून बघितला होता, आणि तिथे तो झकास वाजला होता.

पहिल्या दिवसापासून कॉल आला. सकाळी नऊला, रोज! आषाढात सावित्री नदीचं पाणी महाडच्या रस्त्यावर आलं, उशाशी मोबाईल ठेवून झोपणाऱ्या बाजारपेठेतल्या पेशंटांचे ठिपके लाल झाले, प्रयागबाईचा हिरवाच. मी तिच्या ठिपक्यांचा कागद छापून ऑफिसच्या भिंतीला लावला. कुणी कुरकुर केली की त्याला मी त्या कागदापुढे उभा करायचो. हळूहळू लोक तिचा रागराग करू लागले.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी मॅडम मुंबईहून आल्या. ही बाई मला बघायचीच, म्हणाल्या. भाद्रपदातलं धुकं होतं. वरंधहून दीड तास चढून आम्ही वाडीच्या अलीकडच्या खिंडीत पोचलो, तेव्हा मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता आणि माझ्या दोन्ही मांड्या संपावर गेल्या होत्या.

तेवढ्यात वाडीच्या बाजूने चार माणसं वर आली. बांबूला घोंगडी बांधलेली डोली, आत गुडघे पोटाशी घेतलेलं कुणीतरी, तोंडावरून पांघरूण. चौघं मान खाली घालून गप्प चालत होते. मी ओळखलं. मॅडमना हळूच म्हणालो, वाडीत कुणीतरी गेलं वाटतं. आम्ही वाट सोडून बाजूला झालो. मॅडमनी चपला काढल्या. मी हात जोडले आणि डोळे मिटले.

"डाक्टर, नऊ वाजले का वो?" मयताने विचारलं.

मी डोळे उघडले तर प्रयागबाई पांघरुणातून डोकं काढून बघत होती. चौघांनी डोली खाली ठेवली, त्यांच्यातल्या सखाने कंबरेची प्लास्टिकची पिशवी सोडून मोबाईल काढला आणि आईच्या हातात दिला. तिने अंगठ्याने बटण दाबलं, एक रिंग जाऊ दिली आणि कापलं. महाडला हिरवा ठिपका पडला.

वाडीत रेंज नव्हती. ती होती फक्त या खिंडीत. कॉल स्वतःच्या बोटाने द्यायचा म्हटल्यावर बोट खिंडीत आणायला हवं होतं, आणि बोटाबरोबर बाकीची बाई. चौऱ्याऐंशी दिवस वाडीतले गडी चौघा-चौघांनी आळीपाळीने म्हशी, नाचणी टाकून तिला दीड तास वर आणत होते आणि तासभर खाली नेत होते.

"आणि व्यायाम कधी करता, मावशी?" मी विचारलं.

तिने सखाकडे बघितलं. "येळ कुठं ऱ्हातो? पैल्यांदा केला आठ दिस. मंग डोलीत पाय अवघडून दुकायला लागला. तुमीच म्हनालात, बाकी चुकलं तरी चालंल."

मी घोंगडी बाजूला करून गुडघा सरळ करायला गेलो. तो अर्ध्यावरच अडला. रोज अडीच तास डोलीत मुडपून राहून आखडला होता. ऑपरेशननंतर मी बघितला तेव्हा हाच पाय सरळ होता. मला इतकी लाज वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना.

"सहाच दिस ऱ्हायलेत," ती म्हणाली. "नाव नका काडू, डाक्टर. चुकवला नाय आमी येक बी."

मॅडम पाठ फिरवून दरीकडे बघत राहिल्या. मी सखाला सांगितलं, उद्यापासून डोली बंद, मीच येत जाईन. ऑफिसला परतलो ते तापानेच. आठवडाभर अंथरुणात होतो. उठून कॉम्प्युटर उघडला तर प्रयागबाईच्या नावापुढे तीन लाल ठिपके आणि शेरा: व्यायाम सोडला. नाव गळालेल्याला वॉकर मिळत नव्हता.

कुणालाही न विचारता मी ऑफिसातला एक वॉकर खांद्यावर टाकून चढलो. प्रयागबाईने दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. दुखऱ्या पायाची टाच जमिनीला टेकेचना. दोनदा प्रयत्न करून ती खाटेवर बसली.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. "पाय सरळ झाला की लागंल." आणि मग तिने सुनेला हाक मारली.

आता मी मंगळवारी आणि शनिवारी चढतो. गुडघा महिन्याला बोटभर सरळ होतो, कधी तेवढाही नाही. मी खरंच जातो की नाही याची मॅडमना खात्री हवी असते, म्हणून खिंडीत पोचलो की ऑफिसला मिस्ड कॉल देतो. स्वतःच्या बोटाने.