कागदमुक्त कार्यालयातला अंगठा

पनवेलच्या एका सरकारी कार्यालयाने २०१९च्या जूनमध्ये कागदाचा त्याग केला. तसे अकरा पानी परिपत्रक दारावर चिकटवले होते. यापुढे सर्व अर्ज ई-इंक टॅबलेटवर, म्हणजे हुबेहूब कागदासारख्या दिसणाऱ्या पाटीवर, हाताने लिहिले जाणार होते. कागदासारखेच हवे तर कागद का नको, अशी शंका मला आली. पण माझ्या शंका बहुधा माझ्याच अज्ञानातून निघतात, म्हणून गप्प राहिलो.

मी निवृत्त शिक्षक. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या गंगाबाईंबरोबर गेलो होतो. त्यांच्या नातीला, मैनाला, आश्रमशाळेत घालायचे होते. त्यासाठी रहिवासी दाखला हवा, आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस तोच. दाखला मिळाला नाही, तर मैना आईबरोबर कोन गावाला टॉवरच्या कामावर विटा वाहायला जाणार.

कारकून कमळाकर यांनी अर्ज सुवाच्य अक्षरात पाटीवर उतरवला.

"मावशी, करा सही."

"सही नाय येत. आंगठा हाय."

त्यांनी अंगठा पाटीवर दाबला. काहीच उमटले नाही.

"ही फक्त पेन ओळखते," कमळाकर अभिमानाने म्हणाले. "माणसाचा हात लागलेला तिला कळतच नाही. तेच तर वैशिष्ट्य!"

"मंग सायबाच्याच जातीची हाय की," गंगाबाई म्हणाल्या.

अखेर शिक्क्याचे जुने पॅड शोधून आणले. ठसा काचेवर सुरेख उमटला. पाटी उदयसिंह साहेबांपुढे गेली. त्यांनी पान सरकवले. ठसा तिथेच. स्वतःचा रजेचा अर्ज उघडला. त्याखालीही गंगाबाईंचा अंगठा. स्वच्छता अभियानाच्या सभेचा वृत्तांतही गंगाबाईंनी मंजूर केलेला.

"पुसा ते!"

"अर्जदाराचा अंगठा पुसणं म्हणजे दस्तऐवजात फेरफार, साहेब. तसा तिचाच अर्ज लागेल."

"मग घ्या ना अर्ज!"

कमळाकरांनी नव्या पानावर लिहिले: 'माझा अंगठा पुसण्यात यावा.' खाली अंगठा घ्यावा लागला नाही. होताच. अर्ज जागच्या जागी मंजूर झाला आणि साहेबांनी रुमालाने काच लख्ख पुसली.

मग त्यांनी मूळ अर्ज उघडला. खालची जागा कोरी. 'अर्जदाराचा अंगठा नाही, सबब नामंजूर.'

"नशीबवान आहात, मावशी," कमळाकर म्हणाले. "एका दिवसात दोन अर्ज निकाली. इथं एकाला सहा महिने लागतात."

"मास्तर, तुमाला लिवता-वाचता येतं," गंगाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी बोला ना कायतरी. आजचाच दिस हाय."

वाक्य माझ्या मनात तयार होते. त्यातले क्रियापद जरा कठोर वाटत होते. ते बदलेपर्यंत साहेब जेवायला गेले, आणि चारला आश्रमशाळेची यादी बंद झाली.

म्हणून घरी येऊन सगळे नीट लिहून काढले. तुम्हीही शेवटपर्यंत वाचलेत, मध्ये एक-दोनदा हसलातही. तेवढ्यात मैनाच्या विटांच्या दोन खेपा झाल्या.