आधी सुनेवर, मग बाबांवर

"गुणाची आहे गं, एका शब्दानं उलटून बोलत नाही. पण अंगावर मूठभर मांस असेल तर शपथ! नुसतं पाप्याचं पितर. अशीच राहिली तर लोक म्हणतील, सासूनं उपाशी ठेवली."

हे माझ्यासाठी नव्हतं. हे फोनवरून माझ्या नणंदेसाठी होतं. मी बाथरूममध्ये दात घासत होते, आणि बाथरूमची खिडकी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत उघडते हे सासूबाईंच्या आजवर लक्षात आलेलं नाही. (मीही आणून देणार नाही. घरातल्या बातम्या मला तिथेच कळतात.)

मी कमी बोलते. त्यातही 'नको' हा शब्द मला फार महाग पडतो. 'नको' म्हटलं की समोरून 'का?' येतं, आणि 'का'चं उत्तर द्यायला निदान तीन-चार वाक्यं लागतात. त्यापेक्षा खाऊन टाकलेलं सोपं.

माझी नोकरी उंदरांची आहे. म्हणजे एका संशोधन संस्थेत मी पांढरे उंदीर सांभाळते. निम्म्यांना साधं खाद्य द्यायचं, निम्म्यांना चरबीचं. नेमानं वजन करायचं आणि कुणाच्या यकृतात किती चरबी साठते ते बघायचं. चरबीच्या गटातले उंदीर बघता बघता गुबगुबीत होतात, एरवी झोपायच्या वेळेलाही काहीतरी कुरतडत बसतात आणि हिंडणं-फिरणं जवळजवळ सोडून देतात. आमच्या मॅडम म्हणतात, "प्रयोगाला उंदरासारखा प्राणी नाही. समोर येईल ते खातो आणि तक्रार करत नाही." मी मान डोलावते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. यकृतावर चरबी! घरात एकदम गंभीर शांतता पसरली. (माझी आधीपासूनच होती.) मग नवऱ्याला आठवलं.

"अगं, हे तुझ्या उंदरांना असतं तेच ना?"

"हो."

"मग झालं तर!" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरातच एक्स्पर्ट असताना बाहेर कशाला जायचं? आजपासून ह्यांचं पथ्य तुझ्याकडे."

इतका मोठा कारभार इतक्या लवकर कुणालाही मिळाला नसेल. मी कामाला लागले. बाबांना उकडलेल्या भाज्या, सायीशिवाय सूप, लोण्याशिवाय पाव आणि दोन्ही वेळा चालायला बाहेर. बाबा सुपाच्या वाटीत डोकावून म्हणाले, "ह्यात माझा चेहरा स्वच्छ दिसतोय. म्हणजे ह्यात दुसरं काहीच नाही." पण प्यायले.

सासूबाईंनी मला पूर्ण पाठिंबा दिला. अट एकच. "पथ्य त्यांचं. घराचं नाही."

त्यामुळे घरात लोणी, साय, तळलेले बटाटे आणि केक पूर्वीसारखेच होत राहिले. प्रमाणही तेच. फक्त बाबांच्या वाट्याचं कुठेतरी जायला हवं होतं. नवऱ्यानं त्याच सुमारास जिम लावली आणि ताटावर आडवा हात धरायला शिकला. उरलं कोण?

"घे गं, ह्यांच्या वाटचा एक तुकडा राहिलाय."

मी घ्यायची.

"एवढंसं भांड्याला कशाला ठेवायचं? घे."

मी घ्यायची.

बाबा तर आणखी वरचढ. पावाला चोरून लोणी लावायचे, मग स्वयंपाकघरात पावलं वाजली की तो पाव बिनदिक्कत माझ्या ताटात सरकवायचे. "हिचा आहे," असं सांगून मोकळे! पुरावा नष्ट करायला मला तो खावाच लागायचा. संध्याकाळी मी दमून आले की सासूबाई साय घातलेली कॉफी पुढे करायच्या, आणि तिच्याबरोबर दुपारी उरलेलं काय असेल ते. मग चार दिवसांनी बाथरूमच्या खिडकीतून यायचं, "आता जरा गालांवर आलंय गं." ते ऐकून मला बरं वाटायचं. सुनेचं एखादं तरी काम सासूच्या मनासारखं होत होतं!

दरम्यान तिकडे सात नंबरच्या पिंजऱ्यातली एक उंदरीण चरबीच्या गटात पहिली आली. शांत प्राणी. कुणाला चावत नाही, धावत नाही, कोपऱ्यात बसून समोरच्याकडे बघत राहते आणि दिलेलं सगळं संपवते. मला तिच्याबद्दल का कोण जाणे, फार आपुलकी वाटायची. "किती गं सुटलीस," तिचं वजन करताना मी म्हणायची, आणि कोटाची बटणं लावायला जायची. बटणं लागत नव्हती. लाँड्रीवाल्यानं माझा पांढरा कोट गरम पाण्यात घालून आटवला होता. त्याच्याशी मी कडाडून भांडले. (मनातल्या मनात.)

तीन महिन्यांनी बाबांची पुन्हा सोनोग्राफी ठरली. उपाशीपोटी जायचं होतं. "मी एकटा उपाशी राहणार नाही," बाबांनी जाहीर केलं, म्हणून घरातलं कुणीच काही खाल्लं नाही आणि सगळे जण चिडचिडे चेहरे घेऊन सेंटरवर पोचलो.

सोनोग्राफीचे डॉक्टर बाबांचे शाळेतले मित्र. ते आत बोलवायला आले तर बाबा खुर्ची सोडेनात.

"ते गार गार काहीतरी लावतोस पोटाला. मागच्या वेळी माझ्या छातीत धस्स झालं."

"अरे, जेल आहे ते. चल, ऊठ."

"थांब. शास्त्राप्रमाणे करू." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडे कुठलीही गोष्ट आधी उंदरांवर करून बघतात आणि मग माणसांवर. तसं आधी हिच्यावर कर. हिला काही झालं नाही तर मी येतो."

"बाबा, काहीतरीच काय!" नवरा म्हणाला.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर हे संध्याकाळपर्यंत उठणार नाहीत, आणि माझं डोकं दुखायला लागलंय भुकेनं."

नको म्हणायला हवं होतं. पण मग 'का?' आलं असतं. मी आत जाऊन आडवी झाले.

जेल खरंच गार होतं. डॉक्टर आधी हसत होते, मग हसायचे थांबले, मग त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मीही मान वळवली. पडद्यावर माझं यकृत पांढरट, चमकदार दिसत होतं. असं दिसणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ह्याच गोष्टीचा पगार घेते.

"घरात पथ्य नक्की कोणाचं चाललंय?" डॉक्टरांनी दार उघडून विचारलं.

नंतर बाबा आत गेले आणि शीळ घालत बाहेर आले. त्यांचं यकृत एवढं सुधारलं होतं की डॉक्टरांनी पाठ थोपटली. त्यांची चरबी उतरली होती. कुठे, ते माझ्या रिपोर्टमध्ये होतं.

सगळे घरी आलो. सासूबाईंनी बाबांच्या यशाची खात्री धरून आदल्या दिवशीच केक करून ठेवला होता. आम्ही टेबलाभोवती बसलो, आणि त्यांनी सुरी हातात घेऊन निकाल दिला.

"हे त्या उंदरांचंच आहे!"

"आई, हे असं लागत नसतं," नवरा म्हणाला.

"तू डॉक्टर आहेस? दिवसभर चरबीचे उंदीर हातात घेते पोर. लागणार नाही तर काय होणार?"

"मग माझं कसं झालं?" बाबांनी विचारलं. "मी तर उंदीर दिसला की खुर्चीवर चढतो."

"ही घरात आली आणि लगेच तुमचा रिपोर्ट आला. हिच्या कपड्यांमधून आलं ते!" सासूबाईंचा आवाज कापायला लागला. राग नव्हता तो, भीती होती. "हे बघ, पोरी. उद्याच्या उद्या राजीनामा दे. मला तुझी नोकरी नको, तू हवीस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "थोडे दिवस सुट्टी घेऊन बघ ना." बाबांनी छताकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर मॅडम आल्या, ओळीनं लावलेले पिंजरे आले, वजनकाट्यावर निमूट बसणारी सात नंबरची आली. आणि तेवढ्यात, बोलता बोलता, कुणाचं लक्ष नसताना, सासूबाईंच्या हातानं सवयीनं केकचा एक भलामोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. शेजारी बाबांच्या वाटचा अर्धा.

मी त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. कोट आटला नव्हता.

"आई," मी म्हणाले.

तिघंही दचकले.

"उंदरांकडून काहीही आलेलं नाही. ते बिचारे मला एकदाही वाढत नाहीत. बाबांचं लोणी, बाबांचे बटाटे, बाबांचा केक, सगळं तीन महिने माझ्या ताटात येतंय. पथ्य बाबांचं झालं आणि प्रयोग माझ्यावर झाला. मी नोकरी सोडणार नाही. माझ्या यकृताचं मी बघते. उंदरांचंही साधं खाद्य सुरू केलं की चरबी उतरते."



"ही एवढं बोलते?" बाबा हळूच म्हणाले.

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा माझ्या गालांकडे. डोळे पुसले आणि हसल्या.

"बरं, कर नोकरी. नको सोडूस. पण बाई माझे, इतक्या दिवसांत एकदा तरी 'नको' म्हणायचंस! मला काय कळणार? म्हण बरं आता, माझ्यासमोर म्हण. सवय होऊ दे."

त्यांनी ताटली उचलून माझ्या नाकासमोर धरली. तिघंही श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. केकवर सायीचा जाड थर होता आणि केकच्या कडा जरा खरपूस झाल्या होत्या. शब्द ओठांपर्यंत आला होता, अगदी दातांपर्यंत.

"अर्धाच द्या," मी म्हणाले.