दाढ, डोंगर आणि डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांना बोलायची फार हौस होती, आणि समोरचा माणूस तोंडाचा आ करून, तोंडात नळी घेऊन पडलेला असल्यामुळे ती हौस रोज बिनविरोध भागत असे. हवामान, वाढती रहदारी, मेहुण्याचा आडमुठेपणा, सगळ्यावरची त्यांची मतं पेशंट मुकाट ऐकून घेत. अशाच एका सकाळी, एका काटक माणसाची दाढ भरता भरता ते म्हणाले, "ती डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत असते ना, यंदा मीही पळावं म्हणतोय. चाळिशीनंतर माणसाने स्वतःला जरा ताणून बघावं."

काटक माणसाचे डोळे मोठे झाले. चूळ भरून झाल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, ती शर्यत मीच भरवतो. नावनोंदणी बंद झालीय खरं तर, पण तुमच्यासाठी एक जागा काढली समजा."

डॉक्टर 'नको' म्हणणारच होते. पण तो माणूस त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होता, आणि याची डॉक्टरांना अजिबात सवय नव्हती. लोक त्यांच्याकडे गाल धरून येत आणि गाल धरून जात. बाजारात भेटले तरी ओठ मिटून हसत, न जाणो एखादी कीड दिसायची. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तिथेच फसले.

तयारीला त्यांनी सुरुवात केली, हे नाकारता येणार नाही. पहिल्या आठवड्यात सर्दी झाली. दुसऱ्यात गल्लीतलं एक कुत्रं मागे लागलं, आणि साऱ्या तयारीत खरं पळणं काय ते तेवढंच झालं. त्यानंतर गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून ते सोफ्यावर पडून दुसरे लोक डोंगर चढतानाचे व्हिडिओ बघत. ते बघूनही त्यांना दम लागे.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी बेत ठरवला. पहिल्या पाण्याच्या ठिकाणापर्यंत कसंबसं जायचं, तिथे पाय मुरगळल्याचं दाखवायचं आणि आयोजकांच्या जीपमध्ये बसून परत यायचं. लंगडण्याचा सराव मात्र त्यांनी मन लावून केला.

"अहो," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मघाशी तुम्ही उजव्या पायाने लंगडत होतात. आता डावा कसा काय?"

"पाय मोकळे करतोय."

"एकच कुठला तरी ठरवा म्हणजे झालं," असं म्हणून ती आत गेली.

शर्यतीच्या सकाळी डॉक्टर सगळ्यांबरोबर निघाले आणि पहिल्याच चढावर सगळ्यांशिवाय उरले. पुढे माणूस दिसेना. मागे मात्र काठीचा आवाज येत होता. वळून पाहिलं तर टोपी घातलेल्या एक उंच, वयस्कर बाई, खांद्याला पिशवी लावून, वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या लाल फिती सोडत येत होत्या.

"मी शेपूट," बाई म्हणाल्या. "शेवटच्या माणसाच्या मागून चालायचं, फिती गोळा करायच्या आणि कोणी मागे राहत नाही ना बघायचं. तुम्ही संपवल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. तेव्हा चला."

आवाजावरून त्या मुख्याध्यापिका असाव्यात, असं डॉक्टरांना वाटलं. निवृत्त होत्या, पण होत्या. डॉक्टरांनी नकळत शर्ट आत खोचला.

पहिलं पाण्याचं ठिकाण दिसताच त्यांनी डावा पाय ओढायला सुरुवात केली. तंबूतून एक म्हातारे गृहस्थ केळ्यांची फणी घेऊन धावत बाहेर आले आणि त्यांनी सगळी बत्तिशी दाखवली. ती बत्तिशी डॉक्टरांनीच बसवलेली होती.

"बघा, हेच ते माझे डॉक्टर," म्हातारे तंबूतल्या सगळ्यांना सांगू लागले. "मी यांच्यामुळे पेरू खातो. आणि आता डोंगर पळतायत. पाय दुखावलाय तरी पळतायत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांसाठी जन्मात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते तसेच लंगडत तंबूच्या एका बाजूने आत आले आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडले. पुढच्या वळणावर टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जीप मागेच राहिली.

दुसरं ठिकाण येईपर्यंत खोटं लंगडणं खरं झालं होतं. पोटऱ्यांत गोळे आले होते आणि बुटात काहीतरी फुटलं होतं, ते काय, हे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. ते खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "बाई, मी इथेच थांबतो. जीप बोलवा."

"बरं," बाई म्हणाल्या आणि बिस्किट खाऊ लागल्या.

डॉक्टर बघत राहिले. माणूस कितीही थकला तरी सवय जात नाही. बाई फक्त उजव्या बाजूने चावत होत्या. गार पाण्याचा घोटही मान तिरकी करून घेत होत्या.

"डावीकडची खालची दाढ," डॉक्टर म्हणाले. "किती दिवस दुखतेय?"

"कुठे काय दुखतंय?"

"गालाला सूज आहे, बाई. ठीक आहे, जीप येतेच आहे. आपण दोघं थेट माझ्या दवाखान्यात जाऊ. आजच बघून टाकतो."

बाईंनी उरलेलं बिस्किट खाली ठेवलं. चेहऱ्याचा रंग उतरला. मग त्या काठी टेकून उठल्या.

"डॉक्टर, उठा. तुमच्यात अजून पुष्कळ दम आहे."

"अहो, नाही हो."

"आहे. मी मघापासून बघतेय. हात द्या."

अख्ख्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या हाताने त्यांना खुर्चीतून उचललं. जीपवाला येऊन पोहोचला तेव्हा दोघं कड्याच्या वाटेला लागले होते. तिथून पुढे गाडीरस्ताच नव्हता. डॉक्टरांना हे कळलं तोवर मागे जायचं म्हटलं तरी तितकंच चालायचं होतं आणि पुढे जायचं म्हटलं तरी तितकंच.

चढ संपेना. डॉक्टरांनी दर दगडाला टेकत विचारलं, "अजून किती?"

"झालंच. थोडंसंच राहिलंय."

हा सूर डॉक्टरांच्या ओळखीचा होता. पुढच्या दगडाशी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता दोनच मिनिटं. फार दुखलं तर हात वर करा."

डॉक्टरांनी हात वर केला.

"तुमच्याकडे पेशंटने हात वर केला की तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "'झालंच' म्हणतो आणि चालू ठेवतो."

"मग चला."

माथ्यावर पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आता उतार, म्हणून डॉक्टरांना जरा हायसं वाटलं. पण उताराच्या प्रत्येक पावलाबरोबर बाईंच्या दाढेला हिसका बसू लागला. थोडं खाली उतरल्यावर त्या एका दगडावर बसल्या आणि त्यांनी गाल हातात धरला. डॉक्टरांना त्यांचा दरारा आठवेना. तिथे फक्त एक कळवळलेली म्हातारी बाई बसली होती.

"तोंड उघडा," ते हळूच म्हणाले. "माझ्याजवळ एकही हत्यार नाही. नुसतं बघतो."

बाईंनी सूर्याकडे तोंड करून आ केला. डॉक्टरांनी गुडघे टेकून बघितलं आणि कंबरेच्या पिशवीतली वेदनाशामक गोळी त्यांना विचारपूस करून दिली. स्वतःसाठी ठेवलेली ती शेवटची होती.

"दाढ वाचेल," ते म्हणाले. "पण उशीर केलात. एवढी कशाची भीती?"

बाई फितींच्या पिशवीशी चाळा करू लागल्या. "तुम्ही लोक ती खुर्ची मागे झुकवता ना, ते मला सहन होत नाही. पाय वर, डोकं खाली. माणसाच्या हातात काही उरतच नाही. दुसरा म्हणेल ते निमूट सोसायचं."

"मी सकाळपासून तेच करतोय," डॉक्टर म्हणाले.

बाईंना हसू आलं आणि हसल्यामुळे दाढेत कळ गेली. गोळी लागू पडेपर्यंत दोघं बसून राहिले. मग डॉक्टरांनी पिशवी आपल्या खांद्याला घेतली आणि पुढच्या साऱ्या फिती त्यांनीच सोडल्या. आधी थोडी सैल करायची, मग अलगद ओढायची. एकही फांदी दुखावली नाही. बोलायला मात्र त्यांना दम उरला नव्हता, म्हणून बाई बोलत होत्या आणि ते ऐकत होते. कोणाचं इतकं सलग त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते मैदानात पोहोचले तेव्हा शर्यतीची वेळ उलटून गेली होती. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान जमिनीवर लोळत होती, आयोजक तिच्यावर बसून तिच्यातली उरलेली हवा काढत होता. बायको एकटीच दोरीपाशी उभी होती. तिने नवऱ्याला येताना पाहिलं आणि टाळ्या वाजवायला लागली, ती ते जवळ येईपर्यंत थांबली नाही. त्यांना यायला बराच वेळ लागला.

"दोन्ही पायांनी लंगडताय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सोमवारी सकाळी बाई दाढ दाखवायला खरंच दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी खुर्ची झुकवली नाही. बाई ताठ बसल्या आणि डॉक्टरच बुटक्या स्टुलावर खाली बसून, मान वर करून काम करत राहिले. दुखलं की बाई हात वर करत आणि डॉक्टर खरोखर थांबत. त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागला, पण झालं.

बाई खुर्चीतून टुणकन उतरल्या. "एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या. "येते मी."

"बाई," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "जरा हात देता? मला उठता येत नाहीये."

बाईंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दोन पावलं टाकल्यावर त्यांचा गुडघा वाकला, म्हणून त्यांना धरूनच बाईंनी दार उघडलं आणि बाहेरच्या बाकापर्यंत आणून बसवलं. डॉक्टर 'आई गं' म्हणत हळूहळू टेकले.

बाकावर आधीपासून एक तगडा गृहस्थ गाल धरून बसला होता. त्याने घामाघूम झालेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग टोपी नीट करत ताठ मानेने बाहेर पडणाऱ्या बाईंकडे पाहिलं. गालावरचा हात त्याने सावकाश काढला.

"माझं आता बरंच कमी आहे," असं म्हणून तो उठला आणि दाराकडे निघाला.

त्याला थांबवायला डॉक्टर उठायला गेले, पण त्यांना उठता आलं नाही.