मोहित्यांच्या खिडकीतली ड्रिप

कराडच्या लग्नाला जायचा विषय निघाला, की खंडेराव मोहिते उठून टाकीकडे जात. टाकीला कॅल्शियम कोण घालणार, एवढंच विचारत आणि विषय संपवत.

टाकी त्यांच्या मुलाची, सुजयची. बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा खाऱ्या पाण्याची ती मोठी काचपेटी आणि तिच्यातली जिवंत प्रवाळं तो ‘जागा मिळेपर्यंत’ म्हणून दिल्लीत मुनिरक्याच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांकडे ठेवून गेला होता. जागा मिळाली, ती बदलूनही झाली. टाकी इथेच राहिली. प्रवाळांचा सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियमवर वाढतो, म्हणून ते रोज घालावं लागतं. जोडीला सोड्याचं पाणीही लागतं, पण वेगळं. दोन्ही एकत्र पडली तर टाकीचं ताक होतं. खंडेराव सैन्यातून निवृत्त झालेले. सकाळी एक सिरिंज, संध्याकाळी दुसरी, असं त्यांचं काम पहाऱ्यासारखं चाले.

लग्न भानुमतीबाईंच्या भाचीचं, अश्लेषाचं होतं. बाई छावणीतल्या रुग्णालयात जन्मभर नर्स होत्या. नवऱ्याचं तेच ते कारण ऐकून कंटाळल्या, तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून सलाईनच्या दोन बाटल्या आणि नळ्या आणल्या. सलाईन ओतून दिलं, एका बाटलीत कॅल्शियमचं पाणी भरलं, दुसरीत सोड्याचं, आणि दोन्ही खिडकीच्या दांडीला टांगल्या. एक नळी टाकीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. थेंब अगदी सावकाश पडू लागले.

“माणसं जगवलीत मी याच्यावर,” त्या म्हणाल्या. “हे तर शेवाळ आहे.”

“शेवाळ नाही. प्राणी आहेत ते.”

“मग तर प्रश्नच मिटला.”

खंडेरावांनी शंका काढायला सुरुवात केली. नळी तुंबेल, नळीवरचा चिमटा सैल होईल, बाटली पडेल. बाईंनी एकेक शंका खोडून काढली. खरी शंका मात्र खंडेरावांनी काढलीच नाही, कारण ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. सुजय रोज सकाळी पाण्याच्या चाचणीत कॅल्शियम किती आलं ते विचारायला फोन करायचा. आकडा सांगून झाला की तो साहेबाबद्दल बोलायचा, जेवणाबद्दल बोलायचा, दिल्लीत थंडी पडली का विचारायचा. आईला तो फक्त रविवारी फोन करी. टाकी आपली आपण जगायला लागली, तर पोरगा फोन कशाला करेल? हे कोणाला सांगणार? म्हणून ते चिमट्यावरच अडून बसले.

शेवटी ठरलं, की एक दिवस ड्रिप लावून घराबाहेर राहून बघायचं. दोघं सकाळीच निघाले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात जेवायचं आणि सरोजिनी नगरात लग्नासाठी खरेदी करायची, असा बेत होता. खंडेरावांचा फोन टाकीपाशीच राहिला. बाईंचा पर्समध्ये होता, पण बाजाराच्या गोंगाटात तो वाजलेला कोणाला ऐकू येणार?

समोरच्या ब्लॉकमध्ये रिंकू राहायची, सुजयच्या शाळेतली मैत्रीण. बाल्कनीत कपडे वाळत घालताना तिला मोहित्यांच्या खिडकीत दोन बाटल्या लटकलेल्या दिसल्या. खालची टाकी अर्ध्या पडद्याआड होती. तिने येऊन घंटी वाजवली, दार ठोठावलं, मग सुजयला फोन लावला. अंकलला ड्रिप लागली आहे आणि कोणी दार उघडत नाही, एवढं ऐकल्यावर सुजयने आईला फोन केला, तो कोणी उचलला नाही. मग बाबांना केला. तो बंद दारामागे वाजत राहिला आणि बाहेर रिंकूला ऐकू येत राहिला. सुजय ऑफिसमधून तसाच विमानतळावर गेला.

इकडे सोसायटीचे सेक्रेटरी राघवजी यांनी कुलूपवाला बोलावून लॅचचं कुलूप फोडून दार उघडलं. आत ड्रिप चालू, फोन जागेवर, पेशंट गायब. याचा अर्थ एकच, पेशंटला तातडीने हलवलं असणार. लोक जवळपासच्या रुग्णालयांत चौकशीला धावले. ज्यांना जाता आलं नाही ते फळं घेऊन मोहित्यांच्या घरात बसून राहिले.

संध्याकाळी दोघं पिशव्या घेऊन जिना चढून वर आले. रिंकू रडून लाल झाली होती.

“अंकल, आप कहाँ एडमिट थे?”

“सरोजिनी नगर में,” खंडेराव म्हणाले.

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. रिंकू टाकीकडे पाहून हळूच म्हणाली, “मतलब, मछली बीमार है?” बाईंनी सुजयला फोन लावला, तर तो बंद. विमानात असणार. मग आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी चहा टाकला आणि लोकांनी आणलेली फळं लोकांनाच कापून दिली.

सुजय पोचला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच: फोडलेलं कुलूप, दाराबाहेर चपलांचा ढीग, आतून दबक्या बोलण्याचा आवाज. त्याने बूट काढले, चपलांच्या शेजारी ठेवले आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला. आत गेल्यावर जे ऐकावं लागेल, ते त्याला ऐकायचं नव्हतं.

राघवजींना सोडायला खंडेराव बाहेर आले, तर पाठमोरा सुजय. ते त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“कॅल्शियम बरोबर आहे,” ते म्हणाले.

सुजयने मान वळवून पाहिलं. मग तो हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. बराच वेळ त्याने वडिलांचा हात सोडला नाही.

लोक गेल्यावर त्याने टाकी पाहिली. पाणी नितळ होतं, प्रवाळं पूर्ण उमललेली होती. “आई, कमाल आहे यार तुझी,” तो म्हणाला. त्याला लाजही वाटत होती. टाकीपायी हे दोघं असे अडकून पडलेत, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो चांगला पंप पाठवणार होता, स्वतः मोजून स्वतः औषध सोडणारा.

“सगळं मला तिकडे मोबाईलवरच दिसेल. रोज फोन करून बाबांना त्रास द्यायला नको.”

“चांगलं आहे,” खंडेराव म्हणाले आणि मोडलेलं कुलूप बघायला दारापाशी जाऊन बसले.

भानुमतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुखतंय कुठे ते न सांगणारे पेशंट त्यांनी पुष्कळ पाहिले होते. चिमट्यावरचा एवढा राग कशाचा होता, ते त्यांना आत्ता कळलं. त्या उठल्या, दोन्ही नळ्या बंद केल्या आणि बाटल्या खाली उतरवल्या.

“अगं, परफेक्ट चाललंय की. काढतेस कशाला?” सुजय म्हणाला.

“लग्नाच्या आठवड्यात तू इथे येऊन राहा. हाताने घाल, पंपही नको. त्या दिवसांत बाबा तुला फोन करतील. नंतर तू करायचास.”

“पण ड्रिप बिल्कुल ठीक होती.”

“पेशंट तोंडाने घ्यायला लागला, की ड्रिप काढतात,” बाई म्हणाल्या.

खंडेरावांनी कुलपावरची मान वर न करता पेचकस मागितला.