सासऱ्यांची पिकअप आणि बायकोच्या गाडीचं इंजिन

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने लोळत पडावं, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरावं, फार तर गळका नळ दुरुस्त करायला जाऊन तो पुरता फोडावा. त्याने घराचं जे नुकसान होतं ते आटोक्यातलं असतं. विचार मात्र करू नये. मी एका रविवारी अंगणाच्या पायरीवर बसून विचार केला.

समोर दोन गाड्या उभ्या होत्या. एक बायकोची छोटी डिझेल कार. बायकोची नर्सरी आहे. घरामागच्या जागेत ती कुंड्यांतली झाडं वाढवते आणि ऑफिसांना, दुकानांना पोचवते. त्यामुळे त्या कारच्या डिकीत कुंड्या, मागच्या सीटवर कुंड्या आणि (जी माझी जागा आहे असा माझा समज होता त्या) पुढच्या सीटवरही कुंड्या. पत्रा सगळीकडून चेपलेला, पण इंजिन एका चावीत सुरू व्हायचं.

दुसरी सासऱ्यांची जुनी पिकअप. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, मागे ऐसपैस हौदा. सासरे तिला रोज फडक्याने पुसत, त्यामुळे ती नव्यासारखी चमकत असे. इंजिन मात्र कायमचं जाम झालेलं. पुसून इंजिन सुरू होत नाही हे लक्षात आल्यावर ते तिला “तुमच्याकडे जागा आहे” असं म्हणून आमच्या अंगणात सोडून गेले होते.

एकीचं इंजिन चांगलं, दुसरीचं अंग चांगलं. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. दोन अर्धवट फायली जोडून एक पूर्ण फाइल करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे पुढची गोष्ट मला सुचली नसती तरच नवल.

“अगं, तुझ्या कारचं इंजिन आपण बाबांच्या पिकअपमध्ये बसवू या,” मी म्हणालो.

बायको मातीत हात घालून बसली होती. तिने हात बाहेर काढले नाहीत. “कार चालू आहे ना?”

“आहे.”

“आणि पिकअप बंद?”

“बंद.”

“मग चालू गाडीतून काढून बंद गाडीत कशाला घालायचं? दोन्ही बंद पडल्या तर?”

हा बायकांचा संकुचित दृष्टिकोन. मी तिला समजावलं, की मोठ्या हौद्यात एका खेपेत सगळ्या कुंड्या जातील, धंदा वाढेल, शिवाय तिच्या वडिलांची आठवणही रस्त्यावर फिरेल. (“बाबा अजून आहेत,” ती म्हणाली.) शेवटी “करा काय करायचं ते” असं ती बोलली. हे वाक्य परवानगीचं नसतं हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक आहे. बॉनेटला कान लावून गाडीचा आजार ओळखतो म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याचे किती पेशंट उठून चालू लागले याची चौकशी मी केली नाही. डॉक्टरचं मला आवडलं ते हे, की तो कशालाच नाही म्हणत नाही.

“इंजिन आडवं बसणारं आहे, पिकअपमध्ये उभं बसवावं लागेल,” मी (आदल्या दिवशी वाचलेलं ज्ञान पाजळत) म्हणालो.

“होऊन जाईल.”

“गिअरबॉक्स पिकअपचाच राहणार. जुळेल?”

“मधे जाड पट्टी टाकू. होऊन जाईल.”

“रेडिएटर?”

“साहेब, तुम्ही फक्त मापं घ्या.”

मी मापं घेतली. बायकोच्या शिवणाच्या टेपने लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. इंजिनाची घेतली, मग ते जिथे बसणार त्या पिकअपमधल्या खड्ड्याची घेतली, आणि दोन्ही दोनदा पडताळली. इतकी बारीक मापं तर आमच्या लग्नातल्या कोटासाठीही कोणी घेतली नव्हती. (तो कोट पाहिलेले लोक याला दुजोरा देतील.)

डॉक्टरने साखळीला टांगून कारचं इंजिन बाहेर काढलं, त्याच दिवशी बायकोला फोन आला. एका मोठ्या कंपनीचं नवं ऑफिस उघडणार होतं. आतली सगळी झाडं तिच्याकडून हवी होती. एवढी मोठी ऑर्डर तिला आजवर मिळाली नव्हती. तिकडच्या मॅनेजरबाईंनी एकच अट घातली होती: मोठे साहेब यायच्या आत झाडं जागेवर हवीत, नाहीतर ती घरी परत न्यायची आणि पुन्हा फोन करायचा नाही.

बायको अंगणात आली. तिने साखळीला लोंबकळणाऱ्या आपल्या इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “ही ऑर्डर गेली ना,” ती अगदी हळू म्हणाली, “तर मी तुम्हाला कुंडीत लावीन.”

मी डॉक्टरकडे पाहिलं.

“होऊन जाईल,” डॉक्टर म्हणाला.

आणि खरंच झालं! ऑर्डरच्या आदल्या संध्याकाळी पिकअप ठोकळ्यांवर उभी होती, चाकं टायरवाल्याकडे गेली होती. डॉक्टरने चावी फिरवली आणि इंजिन धडधडलं. सासरे मुद्दाम आले होते. त्यांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. “जावईबापू,” ते म्हणाले, “तुमच्या हातून काही होईल असं मला वाटलं नव्हतं.” आमच्या घराण्यात याला कौतुक म्हणतात. मला भरून आलं. त्या रात्री मी स्वतःविषयी फार चांगले विचार करत झोपलो.

सकाळी चाकं लागली. हौद्यात पाम, रबराची झाडं, नेचे असं सगळं जंगल चढलं. बायको स्टिअरिंगवर बसली, सासरे शेजारी, मी फाटक उघडून ऐटीत उभा. तिने पहिला गिअर टाकला.

पिकअप मागे गेली.

“अगं, रिव्हर्स पडला!” मी ओरडलो.

“पहिलाच टाकलाय!”

तिने दुसरा टाकला. पिकअप आणखी जोरात मागे गेली आणि खताच्या ढिगात शिरली. तिसरा टाकायची कोणाची हिंमत झाली नाही. रिव्हर्स टाकल्यावर मात्र ती शहाण्यासारखी, कण्हत कण्हत, पुढे आली.

डॉक्टरला बोलावलं. त्याने बॉनेटला कान लावला, मग खाली वाकून इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. “साहेब, तुमच्या कारचं इंजिन डावरं आहे.”

“म्हणजे?”

“बहुतेक इंजिनं एका बाजूला फिरतात. हे दुसऱ्या बाजूला फिरतं. त्याच्या कारमध्ये गिअरबॉक्स त्याच्या मापाचा होता, म्हणून कळत नव्हतं. आता तीन गिअर मागे आणि एक पुढे.”

इंजिन किती लांब, किती रुंद, किती उंच हे मला तोंडपाठ होतं. ते कुठल्या बाजूला फिरतं हे मात्र ना मी पाहिलं, ना डॉक्टरने.

“मग रिव्हर्सवरच पुढे नेऊ,” मी सुचवलं.

“मुळीच नको. एवढं लांब जायची त्या गिअरला सवय नाही. अर्ध्यात दात तुटतील.”

बायकोने तीन टेंपोवाल्यांना फोन लावले. एक गावाला गेला होता, एक उचलेना, एक दुपारी येतो म्हणाला. मग तिने फोन खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला आयुष्यात प्रथमच वाटलं, की आपण नळच फोडायला हवा होता.

“मग उलटीच ने,” सासरे म्हणाले.

“बाबा!”

“तीन गिअर आहेत की मागे. गल्लीबोळांतून हळूहळू ने. पोचल्याशी कारण.”

मागची काच झाडांनी झाकली होती. म्हणून बघून सांगायला हौद्यात कोणीतरी हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने पामाच्या मागे चढलो.

अशी आमची वरात निघाली. झाडं पुढे, झाडांत मी, माझ्यामागे गाडी. “उजवीकडे!” मी ओरडायचो. “कुणाच्या उजवीकडे?” बायको ओरडायची. “माझ्या!” “तुमचं तोंड कुठे आहे?” पहिल्या चौकापर्यंत एवढंच संभाषण झालं. त्यानंतर नेच्याची पानं माझ्या नाकात गेल्याने तेही बंद पडलं.

दुसऱ्या चौकात पोलिसाने अडवलं.

“बाई, गाडी उलटी का चालवता?”

“गाडी सुलटी आहे साहेब, इंजिन उलटं आहे.”

“लायसन्स?”

तिने दिलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. “हे पुढे चालवायचं आहे.”

“तसं कुठे लिहिलंय, दाखवा.”

पोलिसाने पुन्हा शोधलं. मग त्याने झाडांतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. “हे कोण?”

“यांनीच इंजिन बसवलं.”

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. “जा बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला आणखी काय शिक्षा करणार?” आणि पुढची गल्ली त्याने स्वतः मोकळी करून दिली.

आम्ही वेळेत पोचलो. ऑफिसच्या दारात मॅनेजरबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. रस्त्याच्या वळणावरून एक हिरवी बाग आपल्या पायांनी चालत यावी तसा आमचा हौदा थेट त्यांच्यासमोर येऊन थांबला. शिपाई तर टाळ्या वाजवायला लागले. मॅनेजरबाईंना हा नर्सरीचा खास मांडणीचा प्रकार वाटला. “झाडं आधी, गाडी नंतर. छान कल्पना आहे तुमची,” त्या बायकोला म्हणाल्या. “आमच्या दुसऱ्या ऑफिसलाही अशीच पाठवा.” बायको हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू होतं, आणि ते माझ्यामुळे होतं असं मी मनातल्या मनात नोंदवून घेत होतो. डावरं का असेना, इंजिन मीच बसवलं होतं. कल्पना मुळात माझी होती. हे मॅनेजरबाईंना नम्रपणे सांगावं म्हणून मी उठायला गेलो, पण दोन्ही पाय बधिर झाले होते. अंगभर माती, खत आणि केसांत नेचा.

तेवढ्यात मॅनेजरबाई पेन घेऊन हौद्यापाशी आल्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी एकेक झाड पाहिलं आणि पेनचं टोक माझ्यावर आणून थांबवलं.

“बाकी सगळं उत्तम आहे. हे पामाच्या मागचं तेवढं सुकलेलं दिसतंय. हे आम्हाला नको.”

“ते विकायचं नाहीच,” बायको म्हणाली. “घरचं आहे. इतकी वर्षं खतपाणी घालतेय, पण वाढच नाही.”

“पाणी कमी करून बघा,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “लाडाने मुळं कुजतात.”

तेव्हापासून माझा दुसरा चहा बंद आहे.