फाटक ते घर, पक्की वाट

उमेळ्यात सगळ्यात पक्की वाट माझ्या वाडीत होणार, असं मी बायकोच्या, मंदाच्या, वर्षश्राद्धाला चारचौघांत जाहीर करून टाकलं. कारणही तसंच घडलं होतं. फाटकापासून घरापर्यंतच्या चिखलात मेहुणीची चप्पल रुतली आणि ती म्हणाली, "भावोजी, तुमच्याकडे यायचं म्हणजे संकटच." वर्षभर आपल्याकडे कोणी का फिरकत नाही, याचं उत्तर मला मिळालं. चिखल गेला की माणसं येणार.

त्यासाठी नवीन खडी आणायची नाही, हेही ठरवलं. डोंगर कशाला फोडायचे? वसईत एवढ्या इमारती पाडतात, त्यांचंच जुनं काँक्रीट भरडून खाली दाबलं की झालं. पुतण्या नीलेशला म्हटलं, कुठे थोडं मिळालं तर बघ. त्याने कुठल्याशा ग्रुपवर माझा नंबर देऊन लिहिलं, 'डेब्रिज पाहिजे. उमेळे. कधीही टाका.'

फोन सुरू झाले. एरवी माझा फोन वाजला तर पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई असते. आता खरी माणसं बोलत होती. गोखिवऱ्याचा टेम्पोवाला जेसन क्लचपासून बायकोच्या माहेरापर्यंत सगळं सांगायचा. प्रिस्काबाईंनी स्वयंपाकघराचा ओटा तोडला होता. सासूने तो स्वतःच्या उंचीने बांधून घेतला आणि यांची कंबर आयुष्यभर कशी वाकली, हे मी वरण करपेपर्यंत ऐकलं. इतकं ऐकल्यावर नको कसं म्हणणार? मी सगळ्यांनाच या म्हटलं.

ढीग वाढत गेला. स्लॅबचे तुकडे आले, विटा आल्या, टाइल्स आल्या, एक अख्खं कमोड आलं. कमोडची खडी होत नाही, असं मी नम्रपणे सुचवलं. आणणारा म्हणाला, असू द्या काका, बसायला होईल.

एका सकाळी फाटक उघडेना. बाहेर कोणीतरी बीम टेकवून गेला होता. दूधवाला ढिगावरून पिशवी फेकायला लागला आणि मी स्लिपमध्ये उभं राहिल्यासारखा झेलायला लागलो. माणसं यावीत म्हणून केलेल्या खटाटोपात मी स्वतःलाच आत कोंडून घेतलं होतं.

नीलेश आला आणि पलीकडूनच ओरडला, "काका, तुम्हाला पुरे म्हणता येत नव्हतं?"

"ते बोलत होते रे माझ्याशी," मी म्हटलं.

त्याने ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला आणि मशीनवाल्याला बोलावलं. विटा, टाइल्स, कमोड बाजूला निघाले. काँक्रीट भरडलं, पसरलं, रोलरने दाबलं, वर पेव्हर बसवले. वाट अशी झाली की तिच्यावर विमान उतरावं.

विमान सोडा, मेहुणीसुद्धा उतरली नाही. फोन केला तर म्हणाली, आता गुडघे धरलेत. इतर फोनही बंद पडले होते. मी रोज सकाळी वाट झाडायचो. तिच्यावर पायाचा ठसा कधीच नसायचा.

शेवटी मीच जेसनला आणि प्रिस्काबाईंना फोन लावला. म्हटलं, काम झकास झालंय, रविवारी या. दोघंही लगेच हो म्हणाले. मी कपबश्या धुतल्या, वाडीतल्या केळ्यांची सुकेळी काढली, स्वच्छ शर्ट घातला.

रविवारी टेम्पो आला. जेसनच्या शेजारी प्रिस्काबाई होत्या, आणि मागे ढिगारा.

"तुम्ही स्वतःहून बोलावलंत," त्या आनंदाने म्हणाल्या, "म्हणून बाथरूमही तोडून घेतलं."

"कुठे खाली करू, काका?" जेसनने विचारलं.

मी नव्या वाटेकडे बघितलं. टेम्पो रिकामा झाला की ही माणसं थांबत नाहीत, एवढं मला आता कळलं होतं.

"करू सावकाश," मी म्हटलं, "आधी चहा घ्या."